अंगठ्याखालची वाइन

अमेरिकेतल्या एका हॉटेलाचं वाइनचं कार्ड मी वाशीमला, माझ्या घरी पलंगावर मांडी घालून बसून पास केलं. अडतीस वर्षं मी परमिट रूममध्ये काढली, आधी वेटर म्हणून, मग कॅप्टन म्हणून. पण वाइन सोडाच, साधी बिअरही कधी ओठाला लावलेली नाही. अशा माणसाने त्या कार्डाला "एक नंबर" म्हटलं, आणि पंधरा दिवसांनी त्याच कार्डाने माझी दातखीळ बसवली. दारूच्या धंद्यातल्या माणसाचं दिवाळीच्या अंकात काय काम, असं ज्याला वाटत असेल त्याने खुशाल पान उलटावं. पण तो उलटणार नाही, हे मला ठाऊक आहे. या विषयाला लोक नाक मुरडतात आणि कान मात्र इकडेच ठेवतात.

आमचं हॉटेल स्टेशनच्या बाजूला होतं. पुढे जेवणाचा हॉल, मागे परमिट रूम, आणि मधल्या बोळात पडदे लावलेल्या सात केबिनी. त्या बोळाला आम्ही 'फॅमिली' म्हणायचो. बाहेरच्या माणसाला वाटतं, दारू वाढणं म्हणजे बाटली उघडायची आणि ओतायची. अहो, ओतणं कोणालाही येतं. आमच्याकडे खरं काम असतं ते लिहाज सांभाळण्याचं. सासऱ्यापुढे जावई पीत नाही, बापापुढे लेक पीत नाही, साहेबापुढे बाबू पीत नाही. पितात मात्र सगळेच, आणि बाजाराच्या दिवशी सगळे एकाच वेळी येतात.

एकदा एक पाटील तीन नंबरच्या केबिनमध्ये बसले होते आणि त्यांचा मुलगा पाच नंबरमध्ये. दोघांना एकमेकांचा पत्ता नाही, असं मी समजत होतो. पाटील हात धुवायला उठले, आणि इकडे पाच नंबरचा पडदा हलला. मी काय करावं? हातातला ट्रे सरळ जमिनीवर सोडला. सहा ग्लास फुटले. त्या आवाजाने पोराने पडदा परत ओढून घेतला. आमचे मालक, शेठ, माझ्यावर ओरडले, मी ऐकून घेतलं. पाटील निघताना माझ्याजवळ थांबले आणि खालच्या आवाजात म्हणाले, "पाच नंबरवाल्याले सांग, मोटरसायकल हळू चालव म्हना." म्हणजे त्यांना सगळं माहीत होतं! माझे सहा ग्लास फुकट गेले.

धंद्याचा आणखी एक नियम मी स्वतःच घालून घेतला होता. बाहेर, बाजारात, लग्नात, गिऱ्हाईक दिसलं की मी आधी मान फिरवायचो. त्याने नमस्कार केला तरच ओळख, नाहीतर आपण कधी भेटलोच नाही. माझ्या बायकोला पहिली काही वर्षं वाटायचं, नवऱ्याला फार गर्व आहे. गर्व होताच, पण तो वेगळ्या गोष्टीचा. अख्ख्या जिल्ह्याची गुपितं माझ्या पोटात होती आणि एकही कधी बाहेर पडलेलं नव्हतं.

आता वाइन. ती आमच्याकडे कोणी पीत नसे. शेठने हौसेने काही बाटल्या आणून काचेच्या कपाटात मांडल्या होत्या. दसऱ्याला त्यांना फुलं वाहायची आणि वर्षभर धूळ पुसायची, एवढाच त्यांचा उपयोग. एका कंत्राटदाराने एकदा मागवली, तिच्यात सोडा आणि बर्फ घातला, मसाला पापडाबरोबर अर्धी प्यायला आणि मला म्हणाला, "हे काय आणलं बे, सरबत? काहीच होऊन नाई राह्यलं!" त्याला पुन्हा रमवर आणला तेव्हा कुठे तो शांत झाला.

मग एक दिवस दुपारी तीनच्या सुमाराला, हॉटेल रिकामं असताना, इंगोले सर आले. आमच्याच जिल्ह्यातल्या मालेगावकडच्या एका गावात ते मास्तर होते. अंगाने किडकिडीत, शर्टाची वरची गुंडीसुद्धा लावलेली. शाळेच्या कामासाठी जिल्हा परिषदेत आले होते. सोबत त्यांच्या मंडळी, कमलबाई. दोघं सात नंबरच्या केबिनमध्ये बसली. सर हळूच म्हणाले, "देवराव, थे द्राक्षाची लालवाली आहे ना तुमच्याकडे? एक ग्लास आना. अन् मले लिंबू-सोडा. मीठ कमी."

मला वाटलं, दोन्ही सरांनाच लागणार. मी वाइन सरांसमोर ठेवली. सरांनी दोन बोटांनी तो ग्लास टेबलावरून सरकवला आणि बाईंच्या पुढे नेला. बाईंनी डोक्यावरचा पदर सारखा केला आणि एक घोट घेतला. या वेळी माझ्या हातात ट्रे नव्हता म्हणून बरं, नाहीतर तो आपणहून पडला असता. बापलेकांना चुकवता येतं, साहेबाला मागच्या दाराने काढता येतं. पण लुगडं नेसलेली, कपाळभर कुंकू लावलेली मास्तरांची बायको वाइन पिते आणि मास्तर समोर बसून लिंबू-सोडा पितो, हे मी उभ्या जन्मात पाहिलं नव्हतं. नंतर कळलं, शिक्षकांच्या सहलीत नाशिककडच्या एका द्राक्षबागेत सगळ्यांना घोटभर चाखायला दिली होती. बाकीच्या बायकांनी तोंडं वाकडी केली. कमलबाईंना आवडली.

पुढे ती दोघं वर्षातून दोन-तीन वेळा यायची. केबिन तीच, दुपार तीच. पडदा हलला तरी कोणाला कळू नये म्हणून मी बाईंची वाइन स्टीलच्या ग्लासात द्यायला लागलो. सर एका लिंबू-सोड्यावर तासभर काढायचे. काय बोलायची दोघं, ते मी कधी ऐकलं नाही. हसण्याचे आवाज मात्र यायचे, आणि लग्नाला वीस-पंचवीस वर्षं झालेली माणसं अशी हसताना आमच्या त्या बोळात दुसरी कोणी मी पाहिली नाहीत.

आणि याच कमलबाईंनी गावातलं दारूचं दुकान बंद पाडलं. आपल्याकडे कायद्याने तशी सोय आहे. गावातल्या बायकांचं मतदान होतं, चिठ्ठीवर एक उभी बाटली आणि एक आडवी बाटली काढलेली असते. आडवीवर निम्म्याहून जास्त बायकांचे शिक्के पडले की दुकान बंद. बाई घरोघर फिरल्या. मालेगावला सभा झाली, त्या दिवशी मी बाजाराला तिथे गेलो होतो. बाई बोलायला उभ्या राहिल्या आणि मागून कोणीतरी ओरडलं, "पहिले मास्तरले आवर! मंग गावाले शिकव!"

कारण सरांना आमच्या दारातून बाहेर पडताना लोकांनी पाहिलं होतं. मास्तर बारमधून निघाला म्हणजे मास्तर पितो, आणि बायको बिचारी संकोचाने सोबत येते, एवढा सरळ हिशेब. सर गर्दीत उभे होते. त्यांनी खाली पाहिलं आणि जरासे हसले. तेवढ्यात त्यांची नजर माझ्यावर पडली. आणि मी काय केलं? नियमाप्रमाणे मान फिरवली.

बाटली आडवी झाली. त्यानंतर दोघं आली तेव्हा मी धीर करून विचारलं, "बाई, तिकडं बंद केली, अन् इथं?"

बाई शांतपणे म्हणाल्या, "देवराव, आमच्या गावात पिऊन बायकोले मारत होते. मी इथं कोनाले मारून राह्यली काय?"

सरांना असं हसू आलं की सोडा नाकात गेला.

काही वर्षांनी सर हृदयविकाराने गेले. मी मातीला गेलो होतो. मागे दोघं-तिघं कुजबुजत होते, "पिऊनच गेला बिचारा. बायको एवढी देवमानूस, पन याले काही फरक पडला नाई." मी शेजारीच उभा होतो. एक वाक्य बोललो असतो तर पुरे होतं. पण ते वाक्य बोललं की पुढचं विचारणार, मग प्यायचं कोण? मी गप्प राहिलो आणि याला आपली इमानदारी समजलो. आज मला त्याची लाज वाटते.

मी निवृत्त झालो त्या दिवशी हॉटेलात माझा सत्कार झाला. शेठ तोवर वारले होते. त्यांचा मुलगा अनुप अमेरिकेहून आला होता, त्याने शाल घातली, नारळ दिला, माझ्याबद्दल चार शब्द बोलला. माणूस हवेत तरंगायला आणखी काय लागतं? जेवण झाल्यावर तो म्हणाला, "काका, मी तिकडे हॉटेल काढून राह्यलो. एक सांगा, आपल्याकडे वाइन कोनी प्यालं काय कधी?"

अडतीस वर्षं मिटलेलं तोंड मी तिथे उघडलं. नाव घेतलं नाही, गाव सांगितलं नाही. म्हटलं, सातासमुद्रापार चाललेल्या माणसाला सांगणं म्हणजे विहिरीत बोलणं. मास्तरांची बायको, गावची बाटली आडवी करणारी, पडद्याआड स्टीलच्या ग्लासातून लाल वाइन. अनुप टाळ्या देऊन हसला, आणि तो हसतोय म्हणून मी आणखी रंगवलं. रंगवताना एक गोष्ट माझ्या लक्षात आली. सरांचा लिंबू-सोडा मध्ये आला की गोष्ट जरा गंभीर होते, हसू थांबतं. म्हणून मी सरांना गोष्टीतून गाळलं.

पुढच्या वर्षी अनुपचं हॉटेल उघडलं. मोठ्या शहराच्या बाहेरची वस्ती, घरांपुढे हिरवळ आणि रस्त्यावर चिटपाखरू नाही, असं फोटोत दिसलं. तिकडे वाइनचं कार्ड वेगळं असतं, जेवणाच्या कार्डाइतकंच जाड. त्याने पानांचे फोटो पाठवले आणि म्हणाला, "काका, पास-नापास तुमी करा."

आता कार्ड कसं पारखायचं, हे मला माहीत आहे. चव कळत नसली तरी गिऱ्हाईक कळतं. आमच्या वाशीमचं गिऱ्हाईक नाव वाचून मागत नाही, बोट ठेवून मागतं. इंग्रजी नाव चुकलं तर वेटर हसेल, ही भीती. म्हणून कार्डावर काय खपतं ते कार्डाच्या डागांवरून ओळखावं, जिथे तेलकट बोटं पडतात तो माल चालतो. आणि कार्ड उघडून धरलं की उजवा अंगठा जिथे टेकतो, त्याच्या जरा वरची जागा सगळ्यात मोलाची. डोळा पहिल्यांदा तिथेच जातो. मी अनुपला सांगितलं, एका पानावर चौदा नावं नको, माणूस घाबरतो आणि बिअर मागतो. जिचं नाव जिभेला सोपं ती वर घे. आणि एक चौकट तळाशी दडलेली दिसली. चौकटीत वाइनचं नाव आणि खाली मुंगीएवढ्या अक्षरांत चार-पाच ओळी. मला वाटलं, काही सवलतबिवलत असेल. वेटर बारीक अक्षरं वाचत नाही, ती गिऱ्हाईकासाठी असतात. मी म्हटलं, "ही चौकट अंगठ्याजवळ आन. बाकी एक नंबर!"

पंधरा दिवसांनी त्याचा फोन आला. आवाजात नुसता आनंद. "काका, तुमी सांगतली ती जागा एकदम बरोबर! लोक तीच मागून राह्यले. अन् काल एक मॅडम आल्या होत्या, आपल्या मालेगावकडच्या. वर्षा नाव. कोनी इंगोले सर होते ना, त्यांची मुलगी."

मी पलंगावर उठून बसलो. "मंग?"

"मंग काय, चौकटीतली गोष्ट वाचून पोट धरून हसल्या! फोटो काढून गावच्या बायकांच्या ग्रुपवर टाकला, खाली मराठीत लिहून. मले म्हने, माझे बाबा तुमच्याच बारमध्ये पीत होते. आईनं जलमभर सोसलं, म्हनून मी बाबांशी कधी नीट बोलली नाई. निदान कोनी बाई तरी तिथं मजेत होती म्हने."

फोन कधी ठेवला ते आठवत नाही. बायकोचं भिंग घेऊन मोबाइलवरचा तो फोटो उघडला आणि ती मुंगीएवढी अक्षरं एकेक करून लावली. गावातलं दारूचं दुकान मतदानाने बंद पाडणारी मास्तरांची पत्नी. जिल्ह्याच्या गावचं हॉटेल. पडदा. स्टीलचा ग्लास. सगळं माझंच बोलणं, इंग्रजीत. लेकीने स्वतःच्या आईची गोष्ट वाचली, हसली, आणि ओळखलंही नाही. कशी ओळखणार? तिच्या लेखी पिणारा बाप होता आणि आई सोसणारी. आणि मी ती चौकट स्वतः उचलून लोकांच्या डोळ्यांसमोर आणली होती.

बाईंना दुसऱ्या कोणाकडून कळण्याआधी आपण जाऊन सांगावं, त्यांनी चप्पल काढली तरी खावी, असं ठरवून मी एसटीत बसलो. मालेगावला उतरून ऑटोने त्यांचं गाव गाठलं. बाईंच्या ओसरीत सात-आठ बायका मुगाचे पापड लाटत बसल्या होत्या, आणि मधोमध एक मोबाइल. मला उशीर झाला होता.

"मास्तरची बायको म्हनते ना? अन् आडवी बाटलीत फिरलेली? मंग शकुंतलाच!" एकजण म्हणाली. शकुंतलाबाई म्हणजे गावातल्या दुसऱ्या मास्तरांची बायको, मतदानात बाईंच्या सोबत फिरलेली. ती कोपऱ्यात बसली होती आणि तिच्या डोळ्यांना धार लागली होती.

"देवाची आन घेतो व माय, मी नाई! मी त ते हॉटेल आतून पाह्यलं पन नाई!"

"मंग दर महिन्याले वाशीमले कायले जात होती तू?"

कमलबाई पापड लाटत होत्या. मान वर न करता. मग त्यांनी मला दारात पाहिलं. मी त्या नजरेत राग शोधला, तो नव्हता. मी पुढे झालो आणि अडतीस वर्षांच्या सवयीने जे तोंडात आलं ते बोललो. "बायांनो, त्या हॉटेलात मी होतो. थे बाई इकडची नव्हतीच. नांदेडकडची होती कोनी."

बाईंनी लाटणं खाली ठेवलं. "देवराव, बसा. खोटं नका बोलू."

मी बसलो. 

"शकुंतलाले कायले रडवता?" बाई म्हणाल्या. "थे मी आहो."

एकीच्या हातातला पापड तसाच लोंबत राहिला.

"मी प्यायली, अन् सरांनी कधी थेंब घेतला नाई. ते लिंबू-सोडा घेत. गाव मास्तर पितो म्हने, ते म्हनत, म्हनू दे. सभेत त्यांना बोलले त्या रातच्याले मी म्हटलं, आता सांगतोच मी साऱ्यांले. त ते म्हने, तू सांगशीन, अन् उद्या ते दुकान पुन्हा उभं राहीन. दुकान नीट बंद होऊ दे, मंग सांगू." बाईंनी हातांचं पीठ झटकलं. "आज-उद्या करता वर्षं गेली, मंग ते गेलेच."

शकुंतलाबाई उठल्या आणि बाईंच्या पाठीला हात लावून बसल्या. शेवटी सगळ्यात म्हाताऱ्या बाईने विचारलं, "कशी लागते व कमल थे?"

"तुरट," बाई म्हणाल्या.

मग त्या माझ्याकडे वळल्या. "गोष्ट तुमीच सांगतली ना?"

"हो बाई."

"मंग तिच्यातून सर कुठं गेले?"

मी याची तयारी करून आलो नव्हतो. शिव्यांची केली होती, रडण्याची केली होती. ज्या माणसाने बायकोच्या एका ग्लासासाठी आयुष्यभर बेवड्याचा शिक्का कपाळावर घेतला, त्याला मी एका हशासाठी पुसून टाकलं होतं. मी खरं तेच सांगितलं. "मी गाळले, बाई. माझी चूक झाली. आत्ता फोन करतो अन् ते सारं खोडाले सांगतो."

"खोडू नका," बाई म्हणाल्या. "खाली एक ओळ अजून लिहाले सांगा. वर्षाले मीच फोन करीन."

त्यांनी लेकीला काय सांगितलं ते मी विचारलं नाही आणि विचारणारही नाही. परत येताना एसटीत मी खिडकीकडे तोंड करून बसलो होतो. शेजारच्याने विचारलं, तब्येत बरी नाही का? मी हो म्हटलं.

नवं कार्ड छापून झालं तेव्हा अनुपने फोटो पाठवला. या वेळी मी भिंग घेऊन प्रत्येक अक्षर वाचलं, वाइनच्या बाटल्यांच्या देशांची नावंसुद्धा सोडली नाहीत. चौकट जागच्या जागी होती. तिच्या तळाला नवी ओळ होती, की तिचे पती समोर बसून लिंबू-सोडा पीत, आणि तोही इथे मिळतो. मी लिहिलं, "पास."

महिन्याभराने अनुपने सांगितलं, त्या मॅडम पुन्हा आल्या होत्या. एकट्याच. दुपारच्या, हॉटेल रिकामं असताना. कार्ड उघडलं आणि चौकटीतल्या शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. मग एका ग्लासावर तासभर बसून राहिल्या.

"मीठ?" मी विचारलं.

"कमी सांगतलं होतं, काका," तो म्हणाला.